ड्रायव्हरमधली गळती : किती गंभीर आणि कुणासाठी

संगणकातल्या सुरक्षा-त्रुटींना क्रमांक देणारी सीव्हीई नावाची एक जागतिक नोंदवही आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिच्यात लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, नावावर एकदम डझनांनी नोंदी चढल्या. सगळ्यांची भाषा जवळपास एकच होती : अमुक फंक्शनमध्ये मेमरी गळते, तमुक पायरी फसवली की हल्लेखोराला यंत्राची मेमरी संपवता येते. बहुतेक नोंदी ड्रायव्हरांच्या होत्या. रिअलटेक, मार्व्हेल आणि अथेरॉसच्या वायफाय चिपा, मेलानॉक्सची नेटवर्क कार्डं, एएमडीचं ग्राफिक्स, अशी मोठमोठी नावं त्यात होती. काही नोंदींना ‘उच्च’ धोक्याची श्रेणीही मिळाली. त्याच यादीत सीव्हीई-२०१९-१९०६४ ही नोंद आहे. एका एसपीआय ड्रायव्हरमधल्या गळतीची ही नोंद, आणि तिला जोडूनच हरकतीचा शेरा आहे : ड्रायव्हर सुरू होतानाची ही चूक हल्लेखोराला मुद्दाम घडवून आणता येईल असं वास्तवात दिसत नाही, त्यामुळे या नोंदीला अर्थ नाही.

आरोप आणि हरकत एकाच पानावर. गेली वीस-पंचवीस वर्षं हा वाद असाच चालू आहे. एका बाजूला गळती म्हणजे निव्वळ साफसफाईचा आळस मानणारे कसलेले प्रोग्रॅमर, दुसऱ्या बाजूला प्रत्येक गळतीला क्रमांक चिकटवून बातमी करणारे. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. गळतीचं गांभीर्य ती किती बाइटची आहे यावर ठरत नाही. तोटी कुणाच्या हातात आहे आणि ती कितीदा उघडता येते, यावर ठरतं. याच अंगाने हा आढावा घ्यायचा आहे.

ड्रायव्हर हा उपकरण आणि कर्नल यांच्यातला मध्यस्थ. यूएसबीत वायफायचा डोंगल खोचला की कर्नल त्याचा ड्रायव्हर शोधतो आणि त्यातलं ‘प्रोब’ हे फंक्शन चालवतो. ते फंक्शन एकामागून एक मागण्या करत जातं. आधी थोडी मेमरी, मग इंटरप्ट, मग डीएमएसाठी बफर, मग घड्याळाचा आणि विजेचा पुरवठा, मग ‘हे उपकरण मी वापरतोय, त्याची नोंद पुसू नका’ असं सांगणारा एक आकडा. सहावी पायरी फसली तर आधीच्या पाचही गोष्टी उलट क्रमाने परत करायच्या असतात. एक जरी राहिली तरी गळती झाली.

साध्या प्रोग्रॅमने असा विसराळूपणा केला तर फारसं बिघडत नाही. तो बंद झाला की ऑपरेटिंग सिस्टीम त्याच्या नावावरचं सगळं काढून घेते. कर्नलच्या वर मात्र कुणी नाही. ड्रायव्हर जे विसरला ते पुढच्या रीबूटपर्यंत गेलं. मॉड्यूल काढून पुन्हा घातलं तरी ते परत येत नाही. शिवाय कर्नलची स्वतःची मेमरी सहसा डिस्कवर हलवता येत नाही, त्यामुळे गळालेला प्रत्येक बाइट खऱ्या रॅममधून जातो.

हा तोटा समजायला पाण्याचं एक उदाहरण घेऊ. देवास जिल्ह्यातला टोंकखुर्द तालुका पाण्यामुळेच ओळखीचा झाला. माळव्याच्या या काळ्या मातीत कूपनलिकांनी जमिनीखालचं पाणी वर्षानुवर्षं उपसलं, परत भरण्याची सोय कुणी केली नाही. १९९० मध्ये तर देवास शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. २००६ मध्ये जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी भगीरथ कृषक अभियान सुरू केलं, आणि टोंकखुर्द-टोंककलां पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीचा तुकडा देऊन ‘रेवासागर’ तळी खोदली. उपसणाऱ्यानेच परत भरायचं, हा त्यातला सौदा. ड्रायव्हरचं गणित याहून वेगळं नाही. मेमरीचा साठा सगळ्यांचा सामाईक असतो, उपसा करणारे अनेक असतात, आणि तळ लागतो तेव्हा पहिला कोरडा पडतो तो बहुधा दुसराच कुणी, ज्याने काहीच चूक केलेली नसते. म्हणूनच ब्राउझर किंवा डेटाबेस अचानक मारला जातो आणि खरा दोषी ड्रायव्हर नामानिराळा राहतो.

मग इतक्या शहाण्या लोकांच्या हातून हे पुन्हा पुन्हा का होतं? उत्तर ‘वाईट वाटेत’ आहे. सगळं सुरळीत चाललं तर संहितेची जी वाट चालते ती रोज, लाखो यंत्रांवर तपासली जाते. पायरी फसल्यावरची वाट मात्र वर्षानुवर्षं कुणी चाललेलं नसतं. सी भाषेत घेतलेली वस्तू आपोआप परत करण्याची सोय नाही, त्यामुळे कर्नलमध्ये फंक्शनच्या तळाशी पायऱ्यांची एक शिडी लिहायची प्रथा आहे. जिथे चूक झाली तिथून ‘गोटू’ने शिडीच्या योग्य पायरीवर उडी मारायची आणि तिथून खाली उतरत सगळं सोडत जायचं. विद्यार्थ्यांना गोटू वापरू नका असं पहिल्याच वर्षी शिकवलं जातं. कर्नलमध्ये मात्र तीच सभ्य रीत मानली जाते, आणि योग्यच आहे. अडचण अशी की नवीन पायरी मध्ये घुसवणारा माणूस शिडी दुरुस्त करायला विसरतो, किंवा घाईत थेट ‘रिटर्न’ लिहून मोकळा होतो.

काही वेळा दोष लिहिणाऱ्याचा नसून साधनाचाच असतो. उपकरणाला झोपेतून उठवणारं ‘पीएम रनटाइम गेट सिंक’ हे फंक्शन घ्या. ते वापराचा आकडा एकाने वाढवतं, आणि उपकरण उठलं नाही तरीही वाढवतं. कुणाही शहाण्या माणसाला वाटेल, काम फसलं म्हणजे आपण काही घेतलंच नाही, मग परत काय करायचं? याच समजुतीने शेकडो ठिकाणी हा आकडा वाढून राहिला. २०२० साली दुरुस्त्यांची रांग लागली, आणि वर्षाअखेरीस आलेल्या ५.१० आवृत्तीत फसल्यावर आकडा स्वतःच खाली आणणारं वेगळं फंक्शन द्यावं लागलं. इथे गळाली ती मेमरी नव्हे. आकडा शून्यावर आला नाही तर उपकरण झोपतच नाही, आणि फोनसारख्या यंत्रात त्याची किंमत बॅटरी मोजते. गळती म्हणजे मेमरीच, हा समज त्यामुळे सोडलेला बरा. फाइल डिस्क्रिप्टर, डीएमएचे नकाशे, उपकरण-क्रमांक, इंटरप्ट, काहीही गळू शकतं.

ड्रायव्हर हा कर्नलचा कच्चा दुवा आहे, हे आकड्यांनी पहिल्यांदा ठसवलं ते स्टॅनफर्डच्या डॉसन एंगलर यांच्या गटाने. २००१ साली त्यांनी लिनक्सच्या संहितेवर यांत्रिक तपासणी चालवली आणि ड्रायव्हरांमधलं चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नलच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत असल्याचं दाखवलं. दोन वर्षांनी विंडोज एक्सपीतल्या क्रॅशपैकी ८५ टक्के ड्रायव्हरांमुळे होतात, असा आकडा संशोधनात आला. हे दोन आकडे अजूनही प्रत्येक भाषणात ऐकू येतात. २०११ मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने तीच तपासणी दहा वर्षांनंतरच्या कर्नलवर केली, तेव्हा ड्रायव्हरांचं ओळीमागचं प्रमाण इतर काही विभागांच्याही खाली आलेलं दिसलं. ही गोष्ट भाषणांत क्वचित येते. एकूण चुकांचा ढीग मात्र ड्रायव्हरांकडेच राहिला, कारण लिनक्सच्या संहितेत अर्ध्याहून जास्त ओळी त्यांच्याच आहेत.

आता तोटी कुणाच्या हातात, हा प्रश्न.

सगळ्यात सौम्य प्रकार म्हणजे प्रोब चालू असताना होणारी गळती. यंत्र सुरू होताना एकदाच चालणारी पायरी, ती फसायची तर हार्डवेअर बिघडलेलं हवं किंवा मेमरी आधीच संपलेली हवी. मेमरी संपवण्यासाठी आधी मेमरी संपलेली असावी लागणं, हा विनोद कर्नलच्या लोकांनी बराच चघळला आहे. १९०६४ क्रमांकाच्या नोंदीवरची हरकत या जातीची आहे आणि ती रास्त आहे. तिथे क्रमांक द्यायचंच काही कारण नव्हतं.

पण हीच गळती यूएसबी ड्रायव्हरमध्ये असेल तर चित्र बदलतं. सीव्हीई-२०१९-१९०६३ ही रिअलटेकच्या यूएसबी वायफाय ड्रायव्हरच्या प्रोबमधली गळती. यूएसबी उपकरण ओळख सांगतं ती त्याच्या मनाची. काही शे रुपयांच्या बोर्डावर ‘मी रिअलटेकचा डोंगल आहे’ असं खोटं सांगणारं उपकरण बनवता येतं, आणि ते अर्ध्यावर फसून पुन्हा जोडलं गेल्याचं नाटक हजारदा करू शकतं. प्रत्येक नाटकात थोडी मेमरी जाते. टोंकखुर्दसारख्या तहसिलीच्या गावात एमपी ऑनलाइन या सरकारी सेवांचा किऑस्क चालवणाऱ्याच्या टेबलावर दिवसभर बोटांचे ठसे घेणारं यंत्र, प्रिंटर, नेटचा डोंगल आणि गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह लागत-निघत असतात. तिथे हल्लेखोर नसला तरी ड्रायव्हरची वाईट वाट वारंवार चालली जाते. पोर्ट सैल असेल तर अधिकच. अशा मशीनला ‘संध्याकाळी हँग होतं, बंद करून चालू करा’ हा उपाय ठरून गेलेला असतो. एखाद्या ठिकाणचं हँग होणं गळतीमुळेच आहे असं नुसतं बघून सांगता येत नाही, पण रोजचा रीबूट गळती झाकून ठेवतो एवढं नक्की.

दुसरा प्रकार जास्त काळजीचा. ड्रायव्हरची फाइल साध्या वापरकर्त्याला उघडता येते आणि ‘आयऑक्टल’ नावाच्या मागणीतून गळती घडवता येते. इथे खास अधिकार नको, उपकरण हातात नको, एक छोटा प्रोग्रॅम पुरतो आणि तो सेकंदाला लाखभर वेळा तोटी उघडू शकतो. अनेकांनी मिळून वापरायच्या यंत्रावर, म्हणजे कॉलेजच्या सर्व्हरवर किंवा महासंगणकावर, ही खरी अडचण आहे. पुण्यात सी-डॅककडे असलेल्या परम सिद्धी-एआय या यंत्राला नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३वा क्रमांक मिळाला होता, आणि त्याच्या नोड्सना जोडणारं जाळं मेलानॉक्सचं आहे. २०१९ च्या यादीत मेलानॉक्सच्या एमएलएक्स-५ ड्रायव्हरमधल्या दोन गळत्या होत्या. त्या अशा कोपऱ्यातल्या होत्या की संशोधकाच्या रोजच्या कामात त्यांच्यावर पाय पडणार नाही. पण दोन-दोन दिवस चालणारी गणितं एखाद्या नोडच्या मेमरीअभावी मेली तर काय होतं, हे हवामानाचं किंवा रेणूंचं प्रारूप चालवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

तिसरा प्रकार दुरून. दार न उघडता, नुसती पाकिटं पाठवून. याचं स्वच्छ उदाहरण ड्रायव्हरमधलं नाही, त्याच्या लगतच्या नेटवर्क थरातलं आहे. सीव्हीई-२०२२-०७४२ : लिनक्सच्या ५.१३ आवृत्तीपासून आयसीएमपीव्ही-६ च्या १३० आणि १३१ प्रकारच्या पाकिटांवर प्रक्रिया करताना मेमरी सुटत नव्हती. पाकिटांचा मारा केला की समोरचं यंत्र कोरडं. याला गंभीर म्हणण्यावर कुणी हरकत घेतली नाही, आणि घेण्यासारखं काही नव्हतंच.

चौथा प्रकार क्लाउडचा. भाड्याच्या आभासी यंत्राला जी साउंड कार्डं, यूएसबी कंट्रोलर दिसतात ती खरी नसतात, यजमान यंत्रावर क्यूएमू नावाचा प्रोग्रॅम त्यांची नक्कल करत असतो. २०१६-१७ मध्ये अशा नकली उपकरणांत लागोपाठ गळत्या सापडल्या. एसी-९७ आणि ईएस-१३७० या जुनाट साउंड कार्डांत आणि एक्सएचसीआय या यूएसबी कंट्रोलरमध्येही. भाडेकरूने आपल्या यंत्रातून उपकरण पुन्हा पुन्हा काढायचं आणि लावायचं, की मालकाच्या यंत्रातली मेमरी जात राहते. एकाच मालकाकडे पन्नास भाडेकरू असतील तर एकाच्या खोडीने उरलेले एकोणपन्नास बसतात.

गळती आणि अपयश यांचं नातं मोठ्या प्रमाणावर कसं दिसतं, याचा धडा ऍमेझॉनने २२ ऑक्टोबर २०१२ ला दिला. तिथेही ड्रायव्हर नव्हता, साठवणुकीच्या सर्व्हरांवर बसलेला आकडेवारी गोळा करणारा एक एजंट होता. त्याने ज्या सर्व्हरला माहिती पाठवायची तो बदलला गेला, बदल सगळीकडे पोचला नाही, आणि एजंट जुन्या पत्त्यावर पुन्हा पुन्हा धडका मारत राहिला. दर फसलेल्या प्रयत्नात मेमरी गळत होती. गळती आधीपासून होतीच, अपयश वारंवार येईपर्यंत ती कुणाला दिसली नाही. त्या दिवशी अमेरिकेतल्या अनेक नामांकित संकेतस्थळांची सेवा विस्कळीत झाली.

इथपर्यंतची सगळी उदाहरणं ‘यंत्र बंद पडतं’ या सदरातली. गळतीला हलकं लेखणारे इथेच थांबतात आणि फसतात. कारण आकड्यांची गळती वेगळ्याच वाटेने जाते. कर्नलमध्ये प्रत्येक सामाईक वस्तूवर किती जणांचा हक्क आहे याचा आकडा ठेवलेला असतो. घेताना एक वाढवायचा, सोडताना एक कमी करायचा, शून्य झाला की वस्तू मोडीत. सोडायचं विसरलं की आकडा चढतच जातो. तो ३२ बिटांचा असेल तर सुमारे ४२९ कोटी वेळा चढून पुन्हा शून्यावर येतो. मग कर्नल वस्तू मोडीत काढतो, जिचा वापर अजून चालू आहे. मोकळ्या झालेल्या त्या जागेत हल्लेखोर आपला माल ठेवतो आणि कर्नल तो खरा समजून वापरतो. जानेवारी २०१६ मध्ये परसेप्शन पॉइंट या कंपनीने नेमकं हेच करून दाखवलं. सीव्हीई-२०१६-०७२८ ही लिनक्सच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागातली एका आकड्याची गळती, ३.८ आवृत्तीपासून तिथेच पडून होती. साध्या वापरकर्त्याने सुमारे अर्धा तास प्रोग्रॅम चालवला की तो रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होत असे. किती अँड्रॉइड फोन यात सापडतात यावर गुगलने त्या कंपनीशी वाद घातला, आणि तो आकडा फुगवलेला होता असं मलाही वाटतं. पण मूळ गोष्ट तशीच राहते : विसरलेली एक वजाबाकी पूर्ण यंत्राचा ताबा देऊन गेली.

यावर कर्नलने काढलेला उपाय मला फार आवडतो. २०१७ मध्ये ४.११ आवृत्तीत हक्कमोजणीसाठी नवा प्रकार आला. तो वरच्या टोकाला पोचला की तिथेच गोठतो, पुन्हा शून्यावर येत नाही. म्हणजे वस्तू कधीच सुटत नाही. म्हणजे गळती, पण जाणूनबुजून पत्करलेली. यंत्राचा ताबा जाण्यापेक्षा थोडी मेमरी गेलेली परवडली, हा हिशेब. गळती हे पाप आहे असं मानणाऱ्यांनी हा निर्णय जरूर अभ्यासावा.

शोधण्याची साधनं आता भरपूर आहेत. कॅटालिन मरिनास यांचं केमेमलीक २००९ मध्ये २.६.३१ आवृत्तीत आलं. ते दर दहा मिनिटांनी मेमरी चाळून बघतं, की दिलेल्या प्रत्येक तुकड्याचा पत्ता कुठेतरी लिहिलेला आहे का. पत्ता कुठेच नसेल तर तो तुकडा हरवला. कल्पना सोपी, आणि मर्यादाही तिच्यातच. एखाद्या यादीत अडकून राहिलेली वस्तू किंवा चढलेला आकडा त्याला दिसत नाही, कारण पत्ता जागेवरच असतो. वाईट वाट चालून बघण्यासाठी मेमरीची मागणी मुद्दाम नाकारणारी ‘फेलस्लॅब’ ही सोय त्याआधीपासून कर्नलमध्ये आहे. दोन्ही एकत्र लावली तर नवशिक्याच्या ड्रायव्हरमधल्या बहुतेक गळत्या एका दुपारीत वर येतात. ज्युलिया लॉवॉल यांच्या गटाचं कॉक्सिनेल संहितेतले ठरावीक साचे शोधतं. गुगलचं सिझकॉलर कर्नलवर यादृच्छिक मागण्यांचा पाऊस पाडतं, आणि आंद्रे कोनोव्हालोव्ह यांनी तेच तंत्र यूएसबीकडे वळवल्यावर तिथून चुकांची रासच निघाली.

२०१९ च्या त्या नोंदींचा उगमही असाच एका साधनात होता. मिनेसोटा विद्यापीठाच्या गटाने के-मेल्ड नावाचं साधन बनवलं. ड्रायव्हर बरेचदा मूळ मेमरी-फंक्शनं थेट वापरत नाहीत, स्वतःची वेष्टनं बनवतात, आणि मग सामान्य साधनांना घेणं-देणं ओळखता येत नाही. के-मेल्ड आधी ही वेष्टनं ओळखायचं आणि मग मालकी कुणाकडे जाते याचा माग काढायचं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात २१८ नव्या चुका आणि ४१ सीव्हीई क्रमांक नोंदले आहेत. काम चांगलं होतं. क्रमांकांची हौस मात्र नडली, आणि वर सांगितलेल्या हरकती त्यातूनच आल्या.

त्याच विद्यापीठाचं पुढचं प्रकरण या विषयातलं सगळ्यात बोचरं आहे. तिथल्याच संशोधकांनी २०२० मध्ये खोट्या नावांनी कर्नलला पॅच पाठवले. वरून दुरुस्ती, आतून सुटलेली वस्तू पुन्हा वापरण्याची त्रुटी. परीक्षकांना ते कळतं का, हे बघायचं होतं. त्यावरचा निबंध स्वीकारला गेला, नंतर मागे घेतला गेला. एप्रिल २०२१ मध्ये कर्नलच्या स्थिर आवृत्त्या सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाचं पुढचं योगदान बंद केलं आणि जुने १९० पॅच मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. लिनक्स फाउंडेशनच्या तांत्रिक मंडळाने तपासलेल्या ४३५ पॅचपैकी प्रचंड बहुसंख्य बरोबर निघाले, ३९ चुकीचे होते. कपटाने पाठवलेला एकही सदोष पॅच कर्नलमध्ये शिरला नव्हता. नीतीचा वाद बाजूला ठेवू. तांत्रिक अंगाने त्या प्रयोगाने एक खरी दुखरी जागा दाखवली : गळतीची दुरुस्ती ही चूक घुसवण्याची सोपी जागा आहे. दोन ओळींचा पॅच, ‘इथे सोडायचं राहिलं होतं’ अशी टीप, आणि दमलेला परीक्षक. ती वस्तू दुसरीकडे कुणी आधीच सोडत असेल तर आता ती दोनदा सुटते, आणि निरुपद्रवी गळतीच्या जागी खरीखुरी धोकादायक त्रुटी येते. कपट नसतानाही हे घडतं. साधनाने इशारा दिला म्हणून न वाचता फ्री लिहिणारा होतकरू विद्यार्थी कपटी माणसाहून कमी घातक नसतो.

म्हणून एकेक गळती बुजवण्यापेक्षा रचनाच बदलणं शहाणपणाचं, याकडे कर्नल हळूहळू सरकला आहे. तेजुन हिओ यांनी २००७ मध्ये २.६.२१ आवृत्तीत ‘डेव्हरेस’ आणलं. ड्रायव्हरने जे जे मागितलं ते उपकरणाच्या नावावर टिपून ठेवायचं आणि उपकरण सुटताच कर्नलनेच उलट क्रमाने परत घ्यायचं. शिड्याच्या शिड्या गायब झाल्या. पण यालाही अपवाद आहे. एखाद्या प्रोग्रॅमने कॅमेऱ्याची फाइल उघडी ठेवली आणि मधेच कॅमेरा उपटला, तर डेव्हरेस मेमरी सोडून मोकळं होतं आणि प्रोग्रॅम मात्र तिच्यावर बसलेला असतो. लॉराँ पिंशार यांनी २०२२ मध्ये एका परिषदेत यावर भाषणच दिलं. पीटर झिल्स्ट्रा यांनी २०२३ मध्ये ६.५ आवृत्तीत आणखी एक सोय आणली : फंक्शनमधून बाहेर पडताना कंपायलरनेच साफसफाई करायची. सी भाषेच्या मर्यादेत याहून नीट उत्तर मला दिसत नाही.

रस्ट भाषेकडे तारणहार म्हणून बघणारे पुष्कळ आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये ६.१ पासून तिला कर्नलमध्ये जागा मिळाली, २०२४ मध्ये ६.८ पासून तिच्यात लिहिलेले ड्रायव्हरही आले. वस्तू मालकाबरोबर आपोआप सुटते, त्यामुळे वाईट वाटेवरची विसराळू गळती बहुतांशी जाते. मात्र रस्टच्या हमीत गळतीचा समावेश नाही, हे तिचे प्रचारक सांगायला विसरतात. दोन वस्तू एकमेकींना धरून बसल्या तर त्या कधीच सुटत नाहीत, आणि भाषेच्या नियमांनुसार ते ‘सुरक्षित’च असतं. आकडा गोठवणाऱ्या सी प्रोग्रॅमरांनी आणि रस्टच्या रचनाकारांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच प्राधान्यक्रम मानला आहे.

विंडोजबद्दल थोडक्यात. तिथे विंडोज २००० पासून ड्रायव्हर व्हेरिफायर आहे. ड्रायव्हरने घेतलेली मेमरी न सोडता निरोप घेतला तर ते सरळ निळा पडदा दाखवतं. प्रत्येक मागणीला चार अक्षरांची खूण असते, त्यामुळे कोण उपसतंय ते शोधता येतं. लिनक्सच्या जगात ही शिस्त इतकी सक्तीची कधीच नव्हती.

राहिला क्रमांकांचा प्रश्न. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नलचा गट स्वतःच सीव्हीई क्रमांक देतो, आणि त्याचं धोरण असं की कर्नलमधली जवळपास कोणतीही चूक कुणासाठी तरी सुरक्षेची चूक असू शकते. परिणामी वर्षाला हजारो क्रमांक निघतात आणि त्यात ड्रायव्हरमधल्या गळत्या ओंजळीने असतात. सरकारी कचेऱ्यांपासून बँकांपर्यंत जिथे ‘सर्व सीव्हीई बंद करा’ असं परिपत्रक असतं तिथे यामुळे हाहाकार आहे. गटाचं म्हणणं, एकेक पॅच निवडू नका, पूर्ण नवी स्थिर आवृत्ती घ्या. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पण ज्या स्वस्त फोनचा किंवा रेशन दुकानातल्या पॉस मशीनचा कर्नल निर्मात्यानेच अडवून ठेवला आहे, त्याच्या मालकाला हा सल्ला पाळता येत नाही. दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांची मुदत सहा वर्षांवरून दोनवर आणण्याची घोषणाही २०२३ मध्ये झाली. गळतीचा धोका शेवटी त्याच्याकडे साचतो, ज्याला अपडेट पोचत नाही.

त्यामुळे सर्व्हर सांभाळणाऱ्याने ड्रायव्हरमधल्या गळतीची नोंद आली की धोक्याची श्रेणी बघण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात : साध्या वापरकर्त्याला किंवा दुरून कुणाला ती घडवता येते का, पुन्हा पुन्हा घडवता येते का, आणि गळतंय ते मेमरी की हक्काचा आकडा. तिन्हींचं उत्तर सौम्य आलं तर पुढच्या नेहमीच्या अपडेटपर्यंत थांबायला हरकत नाही. आकडा गळत असेल आणि कर्नल जुना असेल तर त्याच रात्री काम काढावं. यंत्र खरेदी करणाऱ्या कचेऱ्यांनी निविदेत रॅम आणि प्रोसेसरच्या बरोबरीने अपडेट किती वर्षं मिळतील हे लिहून घ्यावं.

आणि एक विनंती ड्रायव्हर शिकवणाऱ्यांना, मग ते पुण्यातले असोत की इंदूर-देवासकडचे. आपल्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी मॉड्यूल चढवतो, पडद्यावर ओळ उमटते आणि त्याला गुण मिळतात. ते मॉड्यूल फेलस्लॅब लावून पन्नासदा चढवा-उतरवा, केमेमलीकचा अहवाल वहीत चिकटवायला सांगा, आणि अहवाल कोरा आला तरच गुण द्या.